माणपेक्षा कमी पाऊस आणि ९६ मीटरचा धबधबा

आमच्या निवृत्त अभियंत्यांच्या ग्रुपवर धबधब्याचा फोटो टाकला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘किती क्युसेक?’, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी. दुसरा, ‘हेड किती?’, म्हणजे पाणी किती उंचीवरून पडतं. फोटो छान आलाय असं कुणी म्हणत नाही. व्हर्जिनिया फॉल्सचा फोटो टाकल्यावरही तेच झालं, वर एकाने ‘हा नायगाराच ना?’ असं विचारून माझं डोकं फिरवलं. अंगठ्याने टाइप करून एवढं सगळं सांगणं माझ्याच्याने होत नाही, म्हणून इथे लिहितो.

नायगारा नव्हे. नायगाराच्या जवळपास दुप्पट उंच, ९६ मीटर. आपलं कोयनेचं धरण पायापासून माथ्यापर्यंत १०३ मीटर आहे. त्याच्या माथ्यापासून जेमतेम सात मीटर खाली एक रेघ मारा आणि तिथून अख्खी नदी सोडून द्या, एवढी ती उडी. कॅनडाच्या वायव्येला नॉर्थवेस्ट टेरिटरीज म्हणून भाग आहे, तिथल्या साउथ नाहनी नदीवर. हा भाग भारताच्या तिसऱ्या हिश्श्याहून मोठा आणि माणसं सगळी मिळून पंचेचाळीस हजारांच्या आसपास. आपल्या एकट्या कराडात याहून जास्त राहतात. धबधब्यापर्यंत गाडीरस्ता नाही. पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने जायचं, बस.

माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात झाली, त्यातली बरीच वर्षं पाणी मोजण्यात. पावसाळ्यात पहाटे बॅटरी घेऊन नदीकाठी जायचं, मापनपट्टीवरचा आकडा घ्यायचा, वायरलेसवर कळवायचा. लेक कॅनडात एडमंटनला असते. तिने एकदा सहज म्हणून वॉटर सर्व्हे ऑफ कॅनडाच्या साइटची लिंक पाठवली. सगळ्या देशातल्या नद्यांची पातळी घरबसल्या दिसते, उपग्रहावरून येते. त्यात व्हर्जिनिया फॉल्सच्या वरच्या अंगाला एक मापन केंद्र आहे. झालं, मला नाद लागला. साताऱ्यात सकाळचा चहा घेता घेता मी त्या नदीचा आलेख बघायला लागलो. आपल्या नद्यांचा आलेख म्हणजे जून ते सप्टेंबर डोंगर आणि पुढे सपाट रान. हिचा वेगळाच. हिवाळाभर नदी बर्फाच्या लादीखाली बारीक वाहते, थांबत मात्र नाही. मे महिन्यात लादी फुटते आणि रेघ सरळ वर चढते, जूनमध्ये माथा गाठते, मग उन्हाळी पावसाचे एकदोन सुळके दाखवत हळूहळू उतरते. बर्फ असताना नुसत्या पातळीवरून विसर्ग, म्हणजे किती पाणी वाहतंय ते, काढता येत नाही. तेव्हा तिथले लोक लादीला ओळीने भोकं पाडतात, त्यातून करंट मीटर, म्हणजे पाण्याचा वेग मोजायचं यंत्र, खाली सोडतात आणि पाणी मोजतात. उणे तीसमध्ये. आम्ही पावसात भिजून मोजायचो त्याचं इतकी वर्षं कौतुक सांगत आलो, ते यापुढे जरा आवरतं घ्यावं लागेल.

बायकोला नातवाजवळ थांबायचं होतं. डासांबद्दल तिने जावयांकडून आधीच सगळं काढून घेतलं होतं, हे खरं कारण. तर लेक, जावई आणि मी असे जुलैच्या मध्यात निघालो. विमान जिथून सुटतं ते फोर्ट सिम्पसन गाव एडमंटनपासून चौदाशे-पंधराशे किलोमीटर. शेतं संपतात, मग जंगल सुरू होतं ते संपतच नाही. ग्रिमशॉ गावापासून मॅकेन्झी हायवे लागतो. साठाव्या अक्षांशावर, जिथे अल्बर्टा संपतं, तिथे एक छोटं पर्यटक केंद्र आहे. कॉफी मिळते. तिच्याबरोबर आम्ही धपाटी आणि शेंगदाण्याची चटणी काढली.

पुढे तासाभरात अलेक्झांड्रा फॉल्स. नदीचं नाव ‘हे रिव्हर’, ३२ मीटर उडी, रस्त्याला लागूनच, गाडीतून उतरलं की समोर. त्याच्या खाली लुईस फॉल्स, पंधरा मीटर. दोन्ही देखणे, पण मला बघायचं होतं ते त्यांच्या पलीकडचं गाव. एंटरप्राइझ. ऑगस्ट २०२३ मध्ये वणव्यात हे गाव जवळजवळ पूर्ण जळालं. आम्ही गेलो तेव्हा काही नवी घरं उभी राहिलेली, बाकी मोकळ्या जागा. दोन्ही बाजूंना मैलोन्‌मैल काळे खांब, आणि त्यांच्या बुडाशी कमरेएवढी गुलाबी-जांभळी फुलं. फायरवीड म्हणतात. आग लागून गेली की ही पहिली येते. जॅक पाइन नावाचं इथलं झाड आहे, त्याची बरीचशी फळं राळेने घट्ट बंद असतात आणि आगीच्या धगीनेच उघडतात, बी खाली राखेत पडतं. म्हणजे जळणं हे या जंगलाच्या हिशेबात धरलेलं आहे. गाव जळणं मात्र कुणीच धरलेलं नव्हतं.

आता मुद्द्याचं. फोर्ट सिम्पसनला वर्षाचा पाऊस, बर्फाचं पाणी करून धरलं तरी, चारशे मिलिमीटरच्या आतबाहेर. खात्यातल्यांना हा आकडा ऐकल्याबरोबर साताऱ्याच्या दुष्काळी भागातलं दहिवडी-म्हसवड आठवेल. माण तालुक्यात याहून थोडा जास्तच पडतो, आणि तिथली तऱ्हा आपल्याला ठाऊक आहे: टँकर, चारा छावण्या, माणगंगेच्या पात्रात वाळू. इथे मात्र रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाणी. डबकी, तळी, दलदल, ओढे. दर दहा-पंधरा मिनिटांनी पूल. मी जावयांना विचारलं, हे पाणी येतं कुठून? ते संगणकवाले, म्हणाले, ‘बाबा, मला वाटलं हे तुम्हीच सांगाल.’

म्हणून मग एके ठिकाणी गाडी थांबवायला लावली. रस्त्याच्या कडेला काळ्या स्प्रूसचं रान होतं. ही झाडं बघून पहिल्यांदा कीव येते. मनगटाएवढा बुंधा, डोक्याच्या जरा वर उंची, शेंड्याला झुबका, आणि वय विचाराल तर शंभरीच्या घरातही असू शकतं. काही सरळ, काही एकमेकांवर रेललेली. मी रस्ता सोडून चार पावलं आत गेलो आणि पाय घोट्यापर्यंत आत. जमीन नव्हतीच ती. शेवाळ. हिरवट, पिवळसर, मधेच लालसर, वर पांढऱ्या दगडफुलाची जाळी. गुडघ्यावर बसून हात घातला. वरचा थर ऊबदार आणि मऊ, कोपरापर्यंत हात गेला तसा गार, आणखी खाली बर्फाच्या पाण्यात घातल्यासारखा. मूठभर उपटून पिळलं, तर भिजवलेली गोधडी पिळावी तसं मनगटावरून पाणी वाहिलं. या शेवाळाला स्फॅग्नम म्हणतात. आपल्या कोरड्या वजनाच्या पंधरा-वीसपट पाणी ते धरून ठेवतं. मग चालायची काठी उभी धरून दाबली. दीड फूट लोण्यात गेल्यागत गेली आणि टण्‌कन थांबली. दुसरीकडे दाबली, तिथेही तेवढ्यावरच. दगड नव्हता. जुलैच्या ऐन उन्हात, डोक्यावर चोवीस-पंचवीस अंश असताना, दीड फुटावर गोठलेली जमीन.

मग माझ्या डोक्यात हिशेब बसला. खाली बर्फाचा तळ, त्यातून पाझर नाही. वर शेवाळ आणि कुजलेल्या वनस्पतींचा थर, जो पाणी धरून ठेवतो आणि ऊन खाली पोचू देत नाही. वर्षातले सहा-सात महिने सगळं गोठलेलं, म्हणजे बाष्पीभवन नाहीच म्हणा. हिवाळाभर पडलेला बर्फ पडल्या जागी साठतो आणि वसंतात एकदम हिशेबाला येतो. माणमध्ये चारशे-साडेचारशे मिलिमीटर पडतात त्यातले बरेच ऊनवारा पिऊन टाकतात. इथे पिणारं कुणी नाही. आम्ही पाणलोट विकासाची कामं केली, समतल चर खोदले, माती नाला बांध घातले, ते सगळं हेच साधायला, पाणी पडेल तिथे थोपवायला. इथे शेवाळ हे काम हजारो वर्षं करत बसलंय, आणि देयकही काढत नाही.

तिथे उभं राहून विचार करायला डासांनी फार वेळ दिला नाही. जाळीची टोपी घातली होती तरी बोलायला तोंड उघडलं की एखादा आत. डासांपेक्षा गोमाशी वाईट. तिला इथे बुलडॉग म्हणतात, आणि एकदा चावली की ते नाव पटतं.

सांबा देह फॉल्सला मुक्काम केला. ट्राउट नावाची नदी हायवेच्या पुलाखालून जाते आणि लगेच घळीत कोसळते. पुलावर उभं राहिलं की पायाखालीच. तंबूची जागा नीटनेटकी, लाकडं फोडून ठेवलेली. रात्री अकरालाही पुस्तक वाचता येईल इतका उजेड होता. अस्वलाच्या भीतीने धपाट्यांचा डबा गाडीत बंद करून ठेवला. लेक म्हणाली, ‘बाबा, लसणाच्या वासाने अस्वल येत नाही.’ खरं-खोटं माहीत नाही, पण आलं नाही.

पुढचा बराचसा रस्ता खडीचा. मधेच रानगवे, इथले बायसन, रस्त्यात बसलेले. हॉर्न वाजवायचा नसतो. बसायचं, तेही बसलेत तोवर. फोर्ट सिम्पसनच्या अलीकडे लियार्ड नदी फेरीबोटीतून ओलांडावी लागते, मोठी लोखंडी बोट, गाडीसकट. भाडं नाही. हिवाळ्यात बोट बंद होते आणि बर्फावरूनच गाड्या जातात. पाणी कसलं, पातळ चिखल. जावई म्हणाले, किती घाण आहे. मी म्हटलं, नीट बघून घ्या, आपण उद्या जिथे चाललोय तिथलंच पाणी आहे यात. नाहनी लियार्डला मिळते, लियार्ड मॅकेन्झीला, आणि मॅकेन्झी उत्तर ध्रुवसागराला.

विमानाचं सांगतो. छोटं, तरंगणाऱ्या पायांचं. चढण्याआधी सामानाबरोबर माणसांचंही वजन करतात, सगळ्यांसमोर, काट्यावर उभं करून. वैमानिक एक तरुण मुलगी, माझ्या लेकीहून लहान. तिने आकडे वहीत लिहिले, मनाशी बेरीज केली आणि कोण कुठे बसणार ते सांगितलं. मला पुढे, तिच्या शेजारी. मी मनात म्हटलं, हिला भार कसा वाटायचा ते कळतं, आता चिंता नाही. खर्च विचारू नका. विमान इतर दोन प्रवाशांबरोबर वाटून घेतलं तरीही ती रक्कम मी बायकोला अजून रुपयांत सांगितलेली नाही.

दीडेक तासाचं उड्डाण. आधी सपाट दलदल. वरून ती कशी दिसते ते मला फार महत्त्वाचं वाटलं. गर्द रंगाचे उंचवटे, ज्यांवर झाडं आहेत, ते बर्फाच्या तळावर उभे. मधले फिके पट्टे म्हणजे तळ वितळून खचलेली, पाणी भरलेली जागा, तिथे झाडं मेलेली. फोर्ट सिम्पसनच्या दक्षिणेला पन्नासेक किलोमीटरवर स्कॉटी क्रीक म्हणून एक छोटं पाणलोट क्षेत्र आहे, तिथे विल्फ्रिड लॉरिये विद्यापीठाचे लोक वर्षानुवर्षं हेच मोजतायत. त्यांना दिसलं ते असं: आधी ही डबकी एकेकटी होती, पाणी आपापल्या जागी धरून होती. मधले गोठलेले बांध वितळले तशी ती एकमेकांना जोडली जाऊ लागली आणि पाणी ओढ्याला जास्त जाऊ लागलं. म्हणजे पाऊस तोच, पण ओढ्याचा विसर्ग वाढला. हे ऐकून एखादा नेता टाळ्या वाजवेल. आम्हाला कळतं की हा साठा फुटतोय. ऑगस्ट २०२२ मध्ये हे संशोधन केंद्र तिथल्या मूळ रहिवाशांनी, लीडली कुए फर्स्ट नेशनने, आपल्या हातात घेतलं. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, जेव्हा तिथे बर्फ पडायचा, तेव्हा वणव्यात ते बहुतेक जळून गेलं.

मग डोंगर उठतात. लिटल डॉक्टर लेक, नाहनी रांग, राम पठार. चुनखडीचे उभे कडे, त्यांत नदीने कोरलेल्या घळी. इथली नदी डोंगरांहून जुनी आहे. आधी ती सपाटीवर नागमोडी वाहत होती, मग डोंगर वर येऊ लागले, आणि जशी जमीन उचलली गेली तशी ती त्याच वळणांनी खाली कापत गेली. म्हणून डोंगर फोडून आरपार जाणारी, पण सपाटीवरच्यासारखी वळणं घेणारी दरी. आपल्या कुठल्याही नदीने असा हट्ट केल्याचं मी पाहिलेलं नाही. सोबतच्या एका प्रवाशाला डेडमेन व्हॅली बघायची होती. १९०८ मध्ये मॅकलाउड नावाच्या दोघा सोनं शोधणाऱ्या भावांचे डोकी नसलेले सांगाडे तिथे सापडले. पुढच्या सगळ्या कथा त्यावर चढलेली पुटं आहेत. मला त्यात रस नव्हता.

विमान धबधब्याच्या वरच्या अंगाला, नदीवरच उतरतं. धक्क्याला बांधतात. इंजिन बंद झाल्यावर कान मोकळे झाले आणि तेव्हा तो घुमणारा आवाज ऐकू आला, पावलांतून आधी आणि कानांतून नंतर. कोयनेजवळ नवजाला ओझर्डे धबधब्याच्या खाली ऐन आषाढात उभं राहिलं की येतो तसा, पण सलग, श्वास न घेणारा.

जंगलातून लाकडी फळ्यांची वाट आहे. जमीन तुडवली जाऊ नये म्हणून. वाट आधी सांडव्याच्या तोंडाशी नेते. सांडवा माझा शब्द. तिथे त्या जागेला स्लूस बॉक्स म्हणतात, त्यातला स्लूस हा आमच्या धंद्यातलाच शब्द. दोनेकशे मीटर रुंद, संथ, राखाडी नदी अचानक खडकांत आवळली जाते आणि पाणी आडवं पडायचं सोडून उभं राहतं. लाटा जागच्या जागी उभ्या, मागून पाणी येतंय, पुढे जातंय, लाट तिथेच. मी कठड्याशी उभा असताना वरून एक आख्खं स्प्रूसचं खोड आलं, मुळांसकट, पाचसहा मीटर लांब. पहिल्या लाटेवर ते कलतं झालं, दुसरीत टोकावर उभं राहिलं, मुळं हवेत, आणि तिसरीत गेलं. काठावरून खाली पाणी मोकळं पडलं तर ९६ मीटरला साडेचार सेकंद लागतात, आणि तळाशी वेग ताशी दीडशे किलोमीटरच्या वर. मी घड्याळ बघून पाच सेकंद मोजले आणि खालच्या डोहाकडे बघत राहिलो. खोड काही वर आलं नाही. लेक म्हणाली, ‘चला, वेळ होईल.’ तरी मी थांबलो. नाहीच आलं.

मग मुख्य जागा. प्रवाहाच्या मध्यावर एक प्रचंड खडक उभा आहे, मेसन्स रॉक, बिल मेसन नावाच्या कॅनडातल्या नामांकित होडीवाल्या-चित्रपटकाराच्या नावाचा. नदी त्याला दोन्हीकडून वळसा घालते. तुषार इतके की जॅकेटवरून पाणी ओघळत होतं. आपल्याकडे सांडव्याच्या पायथ्याशी पाण्याचा जोर मोडायला स्टिलिंग बेसिन बांधतो, ते काँक्रीट दर दोनचार पावसाळ्यांनी उखडतं आणि अंदाजपत्रक पुन्हा वर जातं. इथे तो जोर खडकावरच मोडतो, आणि खडक उखडतो. धबधबा पायथा खातो, वरचा कडा ढासळतो, धबधबा मागे सरकतो. खालची चौथी घळ म्हणून ओळखली जाणारी दरी ही त्याच्या मागे हटण्याची खूण आहे. सह्याद्रीतही हेच चालू असतं, पण तिथे बेसॉल्टचे थर आणि चार महिन्यांचं पाणी, त्यामुळे काम सावकाश.

आता ग्रुपचा हिशेब देऊन टाकतो. वर्षाची सरासरी म्हणून मी मनाशी २०० घनमीटर सेकंदाला धरले, म्हणजे सात हजार क्युसेक. हसू नका. कोयनेचे सहाही दरवाजे चांगले उचलले की पन्नास हजार क्युसेक सहज जातं, मान्य. पण ते किती दिवस? ९६ मीटर हेड, कार्यक्षमता ८५ टक्के, म्हणजे सुमारे १६० मेगावॉट. कोयनेच्या १,९६० मेगावॉटपुढे किरकोळ, पण जवळपास कुठे गाव नसलेल्या मुलखात ही वीज न्यायची कुणाकडे, असा प्रश्न पडण्याइतकी भरपूर. आणि हा हिशेब मी पहिला मांडला नाही. विसाव्या शतकाच्या मध्याला इथे धरणाचे बेत होऊन गेले. १९७० मध्ये तेव्हाचे पंतप्रधान पिएर त्रुदो स्वतः इथे नदीवर येऊन गेले, आणि १९७२ मध्ये ही जमीन राष्ट्रीय उद्यानासाठी राखली गेली. १९७८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाची पहिली यादी केली, त्यात अवघी बारा ठिकाणं होती. त्यांत नाहनी एक. २००९ मध्ये, देहचो भागातल्या मूळ रहिवाशांच्या संमतीने, उद्यान वाढवून सुमारे ३०,००० चौरस किलोमीटर केलं. आपले जवळजवळ तीन सातारा जिल्हे.

मला कुणी विचारलं असतं तर मी धरण बांधलं असतं का? माझं उत्तर सरळ आहे. माणमध्ये बांधलं असतं, इथे नाही. धरण ही गरजेची वस्तू आहे, शोभेची नाही, आणि आम्हाला शिव्या देणाऱ्यांनी आधी महिनाभर टँकरचं पाणी भरून बघावं. पण जिथे तहान नाही तिथे हेड दिसला म्हणून टर्बाइन टाकायचं, हे अभियांत्रिकीत बसत नाही. जोगचं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. शरावतीवर वर लिंगनमक्की धरण झालं १९६४ मध्ये, आणि तेव्हापासून २५३ मीटरचा तो धबधबा पावसाळ्याबाहेर बघायला गेलात तर ओला कडा दिसतो. कर्नाटकाला विजेची गरज होती, तो सौदा मला कळतो. नाहनीत सौद्याची दुसरी बाजूच नव्हती.

इथले मूळ रहिवासी डेने लोक या धबधब्याला नाइलिचो म्हणतात. व्हर्जिनिया हे नाव फेन्ली हंटर नावाच्या अमेरिकन माणसाने १९२८ मध्ये आपल्या लेकीवरून दिलं. फलकावर हे वाचल्यावर माझ्या लेकीने मला गाठलंच. ‘बघा. तो बाप नदी बघायला आला आणि मुलीच्या नावाने धबधबा करून गेला. तुम्ही तीस वर्षं खात्यात, माझ्या नावाने एक साकव नाही.’ मी म्हटलं, आमच्या खात्यात कामाला नाव आमदारांच्या वडिलांचं लागतं. जावई हसले, तिने मात्र हे प्रकरण अजून मिटवलेलं नाही.

परतीच्या संध्याकाळी फोर्ट सिम्पसनच्या काठावर बसलो. गाव बेटावर आहे. १९८७ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे इथे आले होते. १९८४ मध्ये धुक्याने त्यांचं विमान उतरू शकलं नव्हतं, म्हणून शब्द पाळायला पुन्हा आले. त्यांच्या सभेच्या मैदानावर अजून मोठा लाकडी टीपी, म्हणजे मूळ रहिवाशांच्या शंकूसारख्या तंबूच्या आकाराचा मांडव, उभा आहे. समोर दोन नद्या. एकीकडून लियार्ड, चहासारखी गढूळ, डोंगरांतून थेट. दुसरीकडून मॅकेन्झी, हिरवट स्वच्छ, कारण तिचा गाळ वर ग्रेट स्लेव्ह सरोवरात बसून जातो. मिळाल्यावरही कितीतरी किलोमीटर दोघी शेजारीशेजारी चालतात, मधे रेघ.

शेजारी एक डेने आजोबा मासे साफ करत होते. मी नदी मोजायचो हे लेकीने सांगितल्यावर त्यांनी चाकूने मैदानाच्या मागच्या झाडांवरची खूण दाखवली. मे २०२१ मध्ये बर्फाच्या लाद्या नदीत अडकल्या, पाणी तुंबलं आणि गाव पाण्याखाली गेलं, तेव्हाची. माणसांना बाहेर काढावं लागलं होतं. मी पूररेषेबद्दल विचारलं. त्यांना तो शब्द समजावून सांगितला, तर म्हणाले, त्यांच्या आजीच्या वेळेस लोक उन्हाळ्यात इथे तंबू टाकायचे आणि बर्फ फुटायच्या आधी उंचावर जायचे. घरं काठावर बांधायला नंतर लागले. आमच्या कृष्णाकाठी सांगली-औदुंबरला २००५ नंतर आणि २०१९ नंतर किती बैठका झाल्या, किती रेषा निळ्या-लाल रंगात मारल्या आणि पुढे त्या कुठे गेल्या, हे मी त्यांना सांगितलं नाही. इंग्रजी तेवढं पुरत नाही.

जायचं असेल त्यांच्यासाठी. हंगाम जूनच्या मध्यापासून ऑगस्टअखेर. उद्यानात शिरण्याआधी नोंद करावी लागते. विमान आधी ठरवा, गाडीचा प्रवास मग. लांब बाहीचे कपडे, जाळीची टोपी, डासांचं औषध तिथलं घ्या, आपलं तिथे चालत नाही. गाडीत जादा टायर, कारण खडी. पेट्रोल दिसेल तिथे भरा. आणि हाताशी दोन दिवस राखून ठेवा. आम्ही पोचलो त्या दिवशी दूरच्या वणव्याचा धूर होता, समोरचा काठही पुसट, विमान उडालं नाही. दुसऱ्या दिवशी वारा फिरला म्हणून आम्हाला मिळालं. आमच्या आधी आलेलं एक कुटुंब तसंच परत गेलं, कारण त्यांच्या रजा संपल्या होत्या. विमानवाल्यांशी वाद घालून धूर हटत नाही.